फ्रिटिलरी ते तरोटा : फुलपाखरांची आणि फुलांची लॅटिन नावे फोडून कशी वाचावीत

फ्रिटिलरी हे नाव इंग्रजीत एका फुलालाही आहे आणि फुलपाखरांच्या एका गटालाही. दोन्हींचे मूळ ‘फ्रिटिलस’ या लॅटिन शब्दात आहे. रोमन लोक फासे ज्या डब्यात खुळखुळवून टाकत, तो डबा म्हणजे फ्रिटिलस. डब्याचा फुलाशी संबंध असा : फ्रिटिलारिया मेलिआग्रिस हे युरोपातल्या ओलसर कुरणांत उगवणारे, घंटेसारखे लोंबणारे फूल. त्याच्या जांभळट पाकळ्यांवर फिक्या-गडद चौकटींची नक्षी असते, थेट सोंगट्यांच्या पटासारखी. सोळाव्या शतकातल्या तिकडच्या वनस्पती-अभ्यासकांनी फाशांच्या खेळातला हा शब्द उचलून फुलाला लावला. तसेच चौकटी-ठिपक्यांचे केशरी पंख असलेल्या फुलपाखरांनाही मग इंग्रजीत फ्रिटिलरी म्हणू लागले. नावाचा दुसरा शब्द मेलिआग्रिस, म्हणजे गिनी कोंबडी. तोही तिच्या ठिपकेदार पिसांवरूनच आला.

ते फूल विदर्भात उगवत नाही. फुलपाखराचा नातेवाईक मात्र आपल्या पांदणीतच आहे. कॉमन लेपर्ड हे केशरी, काळ्या ठिपक्यांचे, एका जागी न टिकणारे फुलपाखरू त्याच उपकुळातले.

गावची लोकजैवविविधता नोंदवही भरणारे, जिल्हा परिषद शाळेच्या बागेत पाट्या लावणारे, ताडोबा-मेळघाटकडे पर्यटकांना फिरवणारे गाइड या सगळ्यांना ही नावे पाठ करावी लागतात, आणि अर्थ माहीत नसल्याने ती चुकतात. फोडून वाचायची सवय लागली की पाठांतर निम्म्यावर येते. पण क्रम सांभाळावा लागतो.

आधी जीव, मग नाव

नावावरून ओळख पटवायला जाऊ नका. आधी ओळख पक्की करा, नाव त्यानंतर. फुलपाखरासाठी पावसाळा ओसरल्यावरचे, सप्टेंबर ते नोव्हेंबरचे दिवस सर्वांत सोयीचे. सकाळी ऊन अंगावर येऊ लागले की ती पंख पसरून बसतात, तेव्हा मोबाइलवर फोटो काढा. एक पंख उघडे असताना वरून, एक पंख मिटलेले असताना बाजूने. यातला एकच फोटो असेल तर निम्म्या ओळखी अडतात, कारण बऱ्याच जातींत फरक पंखांच्या खालच्या बाजूला असतो. पकडण्याची गरज नाही. वनस्पतीचे चार फोटो हवेत : अख्खे झाड, पानाची दोन्ही अंगे, फूल आणि फळ किंवा शेंग. मापाचा अंदाज यावा म्हणून शेजारी फूटपट्टी धरा.

अळी दिसली तर ती कोणत्या पानावर होती हे त्याच वेळी लिहून घ्या. फुलपाखरू रस कोणत्याही फुलावर पिते. कंबरमोडीवर आणि रायमुनियावर तर सगळीच येतात. अळी मात्र ठरावीक झाडेच खाते. म्हणून बसलेले फूल हा पुरावा नाही, खाल्लेले पान हा पुरावा आहे.

आपल्याकडे सर्वांत जास्त गोंधळ केशरी फुलपाखरांचा होतो. वावराच्या धुऱ्यावर चार जाती एकत्र दिसू शकतात. कॉमन लेपर्डच्या दोन्ही पंखांवर ठिपके विखुरलेले असतात, कडेला नागमोडी रेघा असतात आणि ते सारखे चुळबुळ करत असते. टॉनी कोस्टर सुस्त उडते. त्याच्या मागच्या पंखाला काळी किनार आणि त्या किनारीत फिके ठिपके असतात. प्लेन टायगरच्या पुढच्या पंखाचे टोक काळे असून त्यात पांढरा पट्टा असतो, आणि मागच्या पंखाच्या मधोमध नराला चार, मादीला तीन काळे ठिपके असतात. चौथी आहे डॅनेड एगफ्लायची मादी. ती प्लेन टायगरची नक्कल करते, पण तिच्या मागच्या पंखाच्या मधले ते ठिपके नसतात. असलाच तर वरच्या कडेला एखादा. प्लेन टायगरची अळी रुई खाते, त्यामुळे फुलपाखरू कडू-विषारी होते आणि पाखरे त्याला टाळतात. एगफ्लायची अळी घोळीवर वाढते आणि तिच्यात तसले विष नसते. तिला संरक्षण मिळते ते नुसत्या वेशामुळे. हे ठिपके न मोजता लिहिलेली नोंद पुढे कोणी तपासली तर खोडावीच लागते.

दोन शब्द, दोन कामे

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे आडनावासारखा. दुसरा त्या जातीचा. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनिअसने रुळवली. वनस्पतींची नावे त्याच्या १७५३ च्या ग्रंथापासून धरली जातात, प्राण्यांची १७५८ च्या ग्रंथापासून. त्याआधीचे नाव कितीही जुने असले तरी ते आज ग्राह्य नाही.

फोडताना दुसऱ्या शब्दापासून सुरुवात करा. अर्थ बहुधा तिथेच सापडतो, आणि विदर्भातल्या शेतकऱ्याला यातले अर्धे शब्द पिकांवरूनच समजावता येतात. कपाशीचे नाव गॉसिपियम हिर्सुटम. हिर्सुटम म्हणजे केसाळ, लव असलेले. देशी कपाशी गॉसिपियम आर्बोरियम, म्हणजे झाडासारखी. जवस लायनम युसिटाटिसिमम : ‘अतिशय वापरातले’. तेलही देणारे आणि धागाही देणारे पीक, त्यामुळे नाव शोभते. करडई कार्थॅमस टिंक्टोरियस. टिंक्टोरियस म्हणजे रंगाऱ्यांचे, कारण करडईच्या पाकळ्यांपासून रंग काढत. अंबाडी हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे भांगेसारखी. पाने शेजारी धरून पाहिली की कारण कळते. धानाचे सटायव्हा म्हणजे पेरलेले, लागवडीचे. घोळीच्या नावातले ओलेरेसिया म्हणजे भाजीचे.

रानातही तेच. बहावा म्हणजे कॅसिया फिस्टुला. फिस्टुला म्हणजे नळी, पावा. हात-दीड हात लांब काळी शेंग पाहा. कुर्डू सेलोसिया अर्जेन्टिया : अर्जेन्टम म्हणजे चांदी, आणि कुर्डूचा जुना तुरा उन्हात खरोखर चंदेरी दिसतो. कंबरमोडीचे प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारे. बीजा, म्हणजे टेरोकार्पस मार्सुपियम, हा फोडून दाखवायला फारच चांगला शब्द आहे. ‘टेरॉन’ पंख, ‘कार्पोस’ फळ, हे दोन्ही ग्रीक. मार्सुपियम म्हणजे लॅटिनमध्ये थैली, बटवा. बीजाची चपटी गोल शेंग हातात घ्या : मधे बी असलेला फुगीर बटवा, भोवती पातळ पंख. लिहिणाऱ्याने ती पाहूनच नाव दिले असणार.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. ज्यांना सगळे ‘लॅटिन नावे’ म्हणतात त्यांतली बरीचशी ग्रीक शब्दांना लॅटिन शेपूट लावून केलेली असतात, आणि काही तर आपलीच आहेत. मोहाचे मधुका हे संस्कृत ‘मधूक’ वरून आले. मोहाचे नाव गमतीचेही आहे. मधुका लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांचा. पण आपल्या भागातल्या मोहाला त्यातला लॅटिफोलिया हा प्रकार म्हणतात, म्हणजे रुंद पानांचा. लांब की रुंद, असा वाद मुलांनी घातला तर घालू द्या. एक शब्द जातीचा आहे आणि दुसरा प्रकाराचा, एवढे सांगितले की झाले.

पुन्हा पुन्हा भेटणारे काही तुकडे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत. आल्बा पांढरे, नायग्रा काळे, ल्युटिया पिवळे, रुब्रा लाल. पार्विफ्लोरा लहान फुलांचे, ग्रँडिफ्लोरा मोठ्या फुलांचे. लेंडिया हा लाजेरस्ट्रोमिया पार्विफ्लोरा. त्याचाच मोठ्या, देखण्या फुलांचा भाऊ ताम्हण, म्हणजे राज्यफूल, लाजेरस्ट्रोमिया स्पेसिओसा, आणि स्पेसिओसा म्हणजे देखणे. रेपेन्स सरपटणारे, स्कॅन्डेन्स चढणारे, इरेक्टा ताठ. ऑफिसिनालिस औषधालयातले. शेवटी ‘एन्सिस’ असेल तर गावाचे किंवा देशाचे नाव समजा.

नाव कधी काहीच सांगत नाही

लाजेरस्ट्रोमिया या पहिल्या शब्दात झाडाबद्दल अवाक्षर नाही. तो लिनिअसचा व्यापारी मित्र माग्नुस फॉन लागरस्ट्रोम याच्या नावावरून आला. पळसाचे ब्युटिआ हे ब्रिटनच्या अर्ल ऑफ ब्यूटवरून. त्याचा दुसरा शब्द मोनोस्पर्मा मात्र कामाचा आहे : एक बी असलेला. पळसाची वाळकी पापडी सोलून पाहा, टोकाला एकच बी असते. कॉमन लेपर्डची अळी जे झाड खाते त्या तांबटाचे नाव फ्लाकोर्टिया. तेही मादागास्करवर कारभार केलेल्या एत्येन द फ्लाकूर या फ्रेंच माणसावरून. अशा नावात अर्थ शोधत बसू नका, ‘व्यक्तीवरून’ असा शेरा मारा आणि पुढे जा.

देशाच्या नावावरही डोळे झाकून भरवसा नको. पिवळ्या धोत्र्याचे मेक्सिकाना खरे आहे, तो तिकडूनच आला. चिंचेचे नाव मात्र टॅमारिन्डस इंडिका, आणि चिंच मुळची आफ्रिकेची. नाव देणाऱ्याच्या हाती नमुना कुठून आला, एवढेच कधीकधी त्या शब्दातून कळते.

फुलपाखरांत तर अर्थाचा हा मार्ग बराचसा बंदच आहे. त्याला कारण लिनिअसच. १७५८ साली त्याने सगळी दिवसा उडणारी फुलपाखरे पापिलिओ या एकाच नावाखाली घातली. पापिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये फुलपाखरू. इतक्या जातींना नावे पुरवायची म्हणून त्याने ग्रीक-रोमन पुराणे उघडली. मोठ्या, शेपटीवाल्या फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातले वीर वाटून दिले, आणि त्यातही दोन बाजू केल्या. ज्यांच्या छातीवर रक्तासारखे लाल डाग ते ट्रॉयचे, बाकीचे ग्रीक. क्रिमझन रोझ हे लाल अंगाचे काळे फुलपाखरू म्हणूनच हेक्टर झाले, ट्रॉयचा राजपुत्र. त्याची अळी धुऱ्यावरच्या किडामारीवर सापडते.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकांत कोवळी पालवी फस्त करणारी अळी सगळ्यांना ठाऊक आहे. लहानपणी ती पाखराच्या शिटीसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. तिचे फुलपाखरू पापिलिओ डेमोलिअस. डेमोलिअस हा ट्रॉयचा वीर ईनिअस याच्या हातून पडलेला एक ग्रीक योद्धा. लिंबाचा, संत्र्याचा, बेलाचा नावात मागमूस नाही. इथे शब्द फोडून शेतकऱ्याला काहीही मिळत नाही. त्याला पानामागची पिवळसर गोल अंडी दाखवणेच उपयोगाचे.

तरीही काही नावे पुराणातली असून नेमकी बसली आहेत. जुनोनिया म्हणजे जुनो देवीची. जुनोचा पक्षी मोर, आणि पॅन्सी फुलपाखरांच्या पंखांवर मोरपिसासारखे डोळे असतात. त्यातले जुनोनिया लेमोनिआस हे नाव मात्र हमखास फसवते. इंग्रजी नाव लेमन पॅन्सी असल्याने लोक लिंबाशी जोडतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुरण. लेमोनिआस म्हणजे कुरणातली अप्सरा. तरोट्यावर अंडी घालणारी पिवळी युरेमा हेकाबे ट्रॉयच्या राणीच्या नावाची. बहाव्यावरची कॅटॉप्सिलिआ पोमोना फळांच्या रोमन देवीच्या नावाची, आणि तिची अळी फळाला तोंडही लावत नाही, पाने खाते.

सगळ्यांत कामाची नावे कोणती, तर खाद्यवनस्पती सांगणारी. ती शेपटावरून ओळखू येतात. लॅटिनमध्ये शब्दाच्या शेवटी ‘ई’ किंवा ‘आय’ लागले की आपला ‘चा-ची-चे’ होतो. कॉमन रोझ हे पॅक्लिऑप्टा अ‍ॅरिस्टोलोकिई, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकियाचे. किडामारी आणि सापसंद याच प्रजातीतल्या. पेंटेड लेडी हे व्हनेसा कार्डुई, कार्डुअस या काटेरी झुडपाचे. असे शेपूट दिसले की आधी ती वनस्पती गावात कुठे आहे ते पाहा. मात्र माणसाच्या नावालाही हेच शेपूट लागते, तेव्हा मूळ शब्द झाडाचा की माणसाचा हे तपासूनच लिहा.

लिहिताना काय बिघडते

पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा लहानच, देशाचे किंवा माणसाचे नाव असले तरी. छापताना तिरपी अक्षरे. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ, मधे मोकळी जागा सोडून. सलग रेघ हीच नोंदवह्यांतली सगळ्यांत जास्त दिसणारी चूक.

स्पेलिंग सुधारू नका. कॉमन लेपर्डचे नाव फालांटा फालांथा. पहिल्या शब्दात ‘टी’नंतर ‘एच’ नाही, दुसऱ्यात आहे. हा छपाईतला दोष समजून कोणीतरी दोन्ही सारखे करतोच. टॉनी कोस्टरचे टर्प्सिकोरे हे नृत्याच्या ग्रीक देवतेवरून. मूळ नावात ‘एच’ असतो, लिनिअसने तो गाळला, आणि पहिल्यांदा जसे छापले तसेच ठेवायचे असा नियम असल्याने आजही तो गाळलेलाच लिहितात.

शेपटाचे लिंग सांभाळा. गॉसिपियम नपुंसकलिंगी म्हणून हिर्सुटम, कार्थॅमस पुल्लिंगी म्हणून टिंक्टोरियस. पण पिंपळ फायकस रिलिजिओसा, रिलिजिओसस नव्हे. लॅटिनमध्ये झाडे स्त्रीलिंगी धरतात, शेवटी ‘अस’ असले तरी.

नावे बदलतात, तेव्हा जुने खोडून टाकू नका, पुढे ‘जुने नाव’ म्हणून राहू द्या. बाभूळ अकेशिया निलोटिकाची व्हॅचेलिया निलोटिका झाली, खैर सेनेगॅलिया कॅटेचू झाला, तरोटा कॅसियातून सेन्ना टोरात गेला, टॉनी कोस्टरला जुन्या पुस्तकांत अक्रिया व्हायोले म्हणत. दुसरा शब्द बहुधा टिकतो, पहिला हलतो. शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचे नाव आणि साल लिहितात, तिथला कंसही तेच सांगतो. प्लेन टायगरपुढे लिनिअस, १७५८ हे कंसात लिहितात, कारण त्याने ते पापिलिओत ठेवले होते आणि आज ते डॅनॉसमध्ये आहे. डेमोलिअस अजून पापिलिओतच आहे, म्हणून त्याला कंस नाही. वनस्पतीच्या नावापुढे साल लिहीत नाहीत.

उच्चाराचा फार बाऊ नको, देशोदेशी तो वेगळा आहे. ‘सीएच’चा बहुधा क, ‘पीएच’चा फ, सुरुवातीच्या ‘पीटी’तला प मुका. एका वहीत एकच पद्धत ठेवा म्हणजे झाले.

नोंदीचे पान आणि पाटी

पानावर सर्वांत वर गावात बोलतात ते नाव, जसे ऐकले तसे. एकाच झाडाला गावात दोन नावे निघाली तर दोन्ही लिहा. एकाच नावाची दोन झाडेही निघतात. रुई म्हणताना ती कॅलोट्रोपिस जायगँटिया की कॅलोट्रोपिस प्रोसेरा हे फूल पाहून ठरवा : पाकळ्या सपाट पसरलेल्या तर जायगँटिया, उभ्या आणि टोकांना जांभळ्या तर प्रोसेरा. त्याखाली शास्त्रीय नाव, मग दोन्ही शब्दांचा अर्थ, मग तो अर्थ झाडावर किंवा फुलपाखरावर नेमका कुठे दिसतो ती जागा, मग तारीख आणि ठिकाण. अर्थ जुळत नसेल तर ‘जुळत नाही’ असेच लिहा, ओढूनताणून बसवू नका.

पाटीसाठी जीआय पत्रा २० सेंटिमीटर उंच, ३० रुंद. मराठी नावाची अक्षरे ३ सेंटिमीटर, शास्त्रीय नावाची २, अर्थाची दीड. दोन सेंटिमीटरचे अक्षर दोन-अडीच मीटरवरून सहज वाचता येते. रंगवण्याआधी रोमन अक्षरे मोजा : बीजाच्या नावात मधल्या जागेसह २१ जागा लागतात, त्या ३० सेंटिमीटरमध्ये बसतात. लेंडियाच्या नावाला २४ लागतात, तिथे पत्रा ३५ चा घ्या, नाहीतर पेंटर शेवटची अक्षरे दाबून लिहितो किंवा शब्द तोडतो.

जीआय पत्र्यावर थेट ऑइलपेंट मारला तर पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात. पत्रा आधी पॉलिश पेपरने खरवडा, पुसून कोरडा करा, जीआय पत्र्याच्या प्रायमरचा एक हात द्या, तो पूर्ण वाळल्यावर रंगाचे दोन हात. पांढऱ्यावर काळी अक्षरे सर्वांत टिकतात. लाल आधी उडतो. चिकटवायचे व्हिनाइल आपल्या मे महिन्यात कडेने सुटते, त्याच्या नादी लागू नका. पाटीचे तोंड उत्तरेला ठेवले तर ऊन कमी खाते.

झाडाला खिळा मारू नका. सालीखालचा जिवंत थर फाटतो आणि तिथून कीड शिरते. लोखंडी अँगलवर पाटी बसवा आणि तो जमिनीत किमान दीड फूट जाऊ द्या. काळ्या मातीत नुसता ठोकलेला अँगल उन्हाळ्यात भेगा पडल्या की हलतो आणि पहिल्या पावसात आडवा होतो. खड्ड्यात दगड आणि मुरूम भरून तो ठासा, वर थोडे काँक्रीट टाका. तरोटा, कुर्डू, घोळ यांसारख्या हंगामी वनस्पतींची पाटी पक्की बसवू नका. त्या पुढच्या वर्षी दुसरीकडेच उगवतात. त्यांच्यासाठी उचलता येईल अशी छोटी पाटी ठेवा आणि जून-जुलैत रोपे चार-सहा पानांची झाल्यावर, ओळख पटवूनच लावा.